पेशी कोणाचा हात धरते?

सांगोल्याच्या माणसाला डाळिंब कसे फोडावे हे शिकवावे लागत नाही. मुकुटाकडची चकती कापायची, आतल्या पांढऱ्या पडद्यांच्या रेषेने साल चिरायची आणि अंगठ्यांनी हलकेच उघडायचे. दाणा एकही फुटत नाही. मध्यंतरी सुट्टीत गावी गेलो असताना तालुक्यातल्या काही शिक्षकांसमोर बोलायची वेळ आली, तेव्हा मी असेच एक डाळिंब फोडून समोर ठेवले आणि म्हणालो, "शरीरातल्या पेशी या दाण्यांसारख्या एकमेकींना बिलगून बसलेल्या असतात."

उदाहरण सोपे होते, पण पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी ते तिथल्या तिथे मोडीत काढले. "सर, हे दाणे जिथे तयार झाले तिथेच वाढले. मेंदूच्या पेशी तर जन्मल्या जागेवरून चालत दुसरीकडे जातात म्हणे. मग आपली जागा आली हे त्यांना कळते कसे?"

प्रश्न अचूक होता. व्याख्यान संपल्यावर त्याच बाई एकट्या भेटल्या आणि त्यांच्या मनातला खरा प्रश्न बाहेर आला. त्यांच्या दुसरीच्या वर्गात एक मुलगी होती. तान्ही असल्यापासून तिला फिट येत असत, आणि एकदा सुरू झाल्या की एकामागून एक येत. घरचे म्हणत, आईने पोटुशी असताना ग्रहण पाळले नाही, विळीवर भाजी चिरली, त्याचे हे फळ. बाईंना हे पटत नव्हते, पण त्याला उत्तर काय द्यावे हेही सुचत नव्हते. त्या मुलीचे निदान मी करू शकत नव्हतो. मी डॉक्टर आहे तो प्रयोगशाळेतला. पण त्यांचे दोन्ही प्रश्न एकाच ठिकाणी जाऊन मिळतात, हे मला तेव्हा त्यांना नीट सांगता आले नाही. म्हणून हा लेख.

आधी डाळिंबाकडचीच बाजू पाहू. वनस्पतींच्या पेशी एकमेकींना खरोखरच डिंकाने चिकटवलेल्या असतात. दोन पेशीभित्तिकांच्या मध्ये पेक्टिन नावाचा पदार्थ असतो. बटाटा उकडला की हे पेक्टिन विरघळते आणि पेशी सुट्या होतात. उकडलेला बटाटा बोटांनी कुस्करता येतो तो यामुळेच. याउलट पेठा करताना कोहळ्याच्या फोडी चुन्याच्या निवळीत भिजवतात. चुन्यातले कॅल्शियम पेक्टिनच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधते आणि फोडी शिजूनही कडक राहतात. हे दोन्ही प्रयोग वर्गात सहज होतात. त्यातले कॅल्शियम लक्षात ठेवा, ते पुढे परत भेटणार आहे.

प्राण्यांच्या पेशींना भित्तिका नसते आणि असा सरसकट लावलेला डिंकही नसतो. तरी त्या एकत्र राहतात, आणि एवढेच नव्हे तर कोणाजवळ राहायचे हे निवडतात. १९०७ साली एच. व्ही. विल्सन या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने समुद्री स्पंज बारीक रेशमी कापडातून पिळून त्याच्या पेशी सुट्या केल्या. काही काळाने त्या पेशी सरकत सरकत एकत्र आल्या आणि त्यांच्यातून पुन्हा छोटे स्पंज तयार झाले. १९५५ साली टाउन्स आणि होल्टफ्रेटर यांनी हीच कल्पना उभयचर प्राण्यांच्या गर्भावर वापरली. पुढे त्वचा होणाऱ्या आणि पुढे मेंदू होणाऱ्या पेशी सुट्या करून त्यांनी एकत्र कालवल्या. काही वेळाने त्या मिश्रणाची आपोआप वाटणी झाली. त्वचेच्या पेशी बाहेर गेल्या, मेंदूच्या पेशी आत. गर्भात जशी मांडणी असते तशीच. पाणी आणि तेल हलवून ठेवले तर वेगळे होतात, तसाच काहीसा हा प्रकार.

पण पेशींच्या अंगावर असे काय असते, की ज्यामुळे त्या आपली माणसे ओळखतात? याचे उत्तर मिळाले त्याची गोष्ट मला फार आवडते, कारण ती एका फसलेल्या प्रयोगाची आहे. जपानमधले मासातोशी ताकेइची क्योटोमध्ये असताना ट्रिप्सिन या पाचक विकराने पेशी सुट्या करत आणि त्या पुन्हा भराभर एकत्र येताना पाहत. १९७० च्या दशकात ते अमेरिकेतल्या कार्नेगी संस्थेच्या प्रयोगशाळेत गेले, तिथे तोच प्रयोग केला, आणि पेशी एकत्र येईनात. दुसरा कोणी असता तर हात चुकला असे म्हणून गप्प बसला असता. ताकेइचींनी दोन्हीकडच्या द्रावणांची यादी ताडून पाहिली. अमेरिकेतल्या ट्रिप्सिनमध्ये ईडीटीए हे रसायन घातलेले होते. ते कॅल्शियम पकडून ठेवते. क्योटोच्या द्रावणात ते नव्हते. म्हणजे पेशींच्या अंगावर असे एक प्रथिन होते की जे कॅल्शियम असेपर्यंत ताठ उभे राहते व ट्रिप्सिनला दाद देत नाही, आणि कॅल्शियम काढून घेतले की मऊ पडून कापले जाते. १९७७ साली हे प्रसिद्ध झाले. पुढे या प्रथिनाला 'कॅडहेरिन' हे नाव मिळाले. त्या नावातच कॅल्शियम आहे आणि चिकटणेही. (पेठ्यातले कॅल्शियम आणि हे कॅल्शियम यांचे काम एकच नाही. तिथे ते साखळ्यांमधला दुवा असते, इथे प्रथिनाचा कणा ताठ ठेवते. विद्यार्थ्यांनी दोन्ही एक समजू नयेत.)

पेशीपटलातून बाहेर डोकावणारी अशी प्रथिने म्हणजे पेशीचे हात. त्यांची कृती ज्या जनुकांत लिहिलेली असते ती पेशी-आसंजनाची जनुके. कॅडहेरिन हे त्यातले एक घराणे. जेराल्ड एडलमन यांनी सत्तरच्या दशकातच कोंबडीच्या गर्भातून वेगळे काढलेले एन-कॅम हे प्रथिन दुसऱ्या घराण्यातले. त्याला कॅल्शियम लागत नाही. घराणी आणखीही आहेत, पण सगळ्यांची नावे पाठ करण्यात अर्थ नाही. मुद्दा निवडीचा आहे. ताकेइचींच्या गटाने १९८७ साली मुळात कॅडहेरिन नसलेल्या, एकमेकींना न चिकटणाऱ्या पेशींत कॅडहेरिनचे जनुक घातले. त्या एकमेकींना चिकटू लागल्या. पुढच्याच वर्षी त्यांनी काही पेशींत एका प्रकारचे आणि काहींत दुसऱ्या प्रकारचे कॅडहेरिन घालून त्या एकत्र कालवल्या. दोन वेगळे पुंजके झाले. बाकी सगळ्या बाबतींत पेशी सारख्याच; फरक फक्त एका जनुकाचा.

आता मेंदूकडे येऊ. गर्भ जेमतेम तीन आठवड्यांचा असताना त्याच्या पाठीवर पेशींची एक पट्टी जाड होते, तिच्या कडा उचलल्या जातात आणि मध्ये जुळून तिची नळी होते. चौथ्या आठवड्याच्या अखेरीस ही नळी मिटलेली असते. हीच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होते. वर राहिलेल्या त्वचेच्या पेशींवर ई-कॅडहेरिन असते. नळीत जाणाऱ्या पेशी ते टाकून एन-कॅडहेरिन धारण करतात. एकाच चादरीतल्या पेशी दोन वेगळे हात धरू लागतात आणि नळी चादरीपासून सुटी होते. टाउन्स आणि होल्टफ्रेटरच्या बशीत जे दिसले होते ते हेच.

यानंतरचा प्रवास लांबचा आहे. मोठ्या मेंदूच्या बाह्यकातल्या बहुतेक चेतापेशी आतल्या पोकळीच्या कडेला जन्मतात आणि तिथून बाहेर जातात. वाटेत काही आधारपेशींचे लांब धागे उभे ताणलेले असतात. चेतापेशी त्यांना बिलगून वर सरकतात, जसा माणूस दोराला धरून विहिरीतून वर येतो. वर येणाऱ्याला दोर घट्ट धरावा लागतो आणि वेळेवर सोडावाही लागतो. जी पेशी धरते पण सोडत नाही ती वाटेतच अडकते. म्हणूनच या जनुकांचे काम निव्वळ चिकटवण्याचे नाही. केव्हा, कुठे आणि किती वेळ धरायचे, हा त्यांचा खरा विषय आहे.

जागेवर पोहोचलेली चेतापेशी मग आपला अक्षतंतू दूरवर पाठवते. त्याच्या टोकाला पंजासारखा भाग असतो, त्यातून बारीक बोटे निघतात आणि चाचपडत पुढे जातात. या बोटांचे काम आपल्या पुण्यातच फार बारकाईने तपासले गेले आहे. पुण्याच्या आयसर संस्थेतले अर्णब घोष आणि त्यांचे सहकारी कोंबडीच्या गर्भातल्या मज्जारज्जूच्या चेतापेशी वापरतात. २०१६ साली त्यांनी फॉर्मिन-२ या प्रथिनाविषयी एक गमतीची गोष्ट दाखवली. हे प्रथिन कमी केले तरी बोटे फुटतात, लांबही होतात. पण बोटाच्या टोकाची जमिनीवरची पकड पक्की होत नाही, त्यामुळे त्या पकडीवर जोर देऊन पंजाला पुढे ओढता येत नाही. ओल्या शेवाळावर पाय टाकल्यासारखे होते. अंड्यातल्या गर्भात हेच केले तेव्हा मज्जारज्जूची मधली रेषा ओलांडून पलीकडे जाणारे तंतू नीट वाढेनात आणि वाट चुकू लागले. फॉर्मिन-२ हे स्वतः पेशीच्या बाहेर डोकावणारे प्रथिन नाही, ते आतल्या सांगाड्याचे आहे. पण हात कितीही चांगला असला तरी मागे खांदा लागतोच. या जनुकातल्या दोषाचा माणसातल्या बौद्धिक अपंगत्वाशी संबंध २०१४ साली दाखवला गेला होता. त्याचे कारण शोधण्याची एक वाट पुण्यातल्या अंड्यांतून निघाली.

कोणत्या पेशीने कोणता हात धारण करायचा, हे ठरवणारी मुकादम जनुकेही असतात. त्यांच्याविषयी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शुभा टोळे यांनी केलेले काम जगभर वाखाणले गेले. त्यांना २०१० साली भटनागर पुरस्कार व २०१४ साली इन्फोसिस पुरस्कार मिळाला. एलएचएक्स-२ हे असेच एक मुकादम जनुक. २००८ साली त्यांनी आणि परदेशातल्या सहकाऱ्यांनी उंदराच्या गर्भात दाखवले, की बाह्यक होणाऱ्या भागातल्या काही पेशींत हे जनुक नसेल तर त्या पेशी शेजारणींत मिसळून राहत नाहीत, त्यांचे वेगळे ठिगळ पडते. आणि ते ठिगळ आजूबाजूच्या पेशींना हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मरणशक्तीशी निगडित असलेला भाग, तयार करायला लावते. एका मेंदूत जादा हिप्पोकॅम्पस! एका मुकादमाच्या गैरहजेरीत टोळीने भलतीच भिंत बांधावी, तसे.

आता थोडे गणित. चिकटण्याची जनुके मोजकी आणि मेंदूत चेतापेशी मात्र सुमारे ८,६०० कोटी. मग प्रत्येकीला वेगळी ओळख कशी मिळते? फळमाशीचे उत्तर २००० साली सापडले. तिच्यात डीस्कॅम नावाचे एकच जनुक आहे, पण ते वाचताना त्याच्या चार ठिकाणी पर्याय निवडता येतात: पहिल्या जागी १२ पैकी एक, दुसऱ्या जागी ४८ पैकी एक, तिसऱ्या जागी ३३ पैकी एक आणि चौथ्या जागी २ पैकी एक. हा गुणाकार मुलांना करायला द्या. उत्तर ३८,०१६ येते. एका जनुकातून ३८,०१६ प्रकारचे हात! आणखी गंमत म्हणजे इथे हुबेहूब सारखे दोन हात भेटले की एकमेकांना धरून राहत नाहीत, मागे फिरतात. एकाच चेतापेशीच्या फांद्या स्वतःशीच गुंतू नयेत म्हणून ही सोय. आपल्यात हे काम वेगळ्या प्रकारे होते. प्रोटोकॅडहेरिन नावाची पन्नासाहून अधिक जनुके झुबक्यांनी शेजारी शेजारी असतात आणि प्रत्येक चेतापेशी त्यांतली काही निवडून आपली ओळख बनवते.

बाईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळायला हे प्रोटोकॅडहेरिन उपयोगी पडते. त्यांच्यापैकी पीसीडीएच-१९ हे जनुक झुबक्यात नसून एक्स गुणसूत्रावर एकटे असते. २००८ साली कळले, की त्यात बिघाड झाला तर एक विशिष्ट प्रकारची अपस्मार-व्याधी होते. तान्हेपणी किंवा पहिल्या दोन-तीन वर्षांत फिट सुरू होतात, बऱ्याचदा तापाबरोबर, आणि एकामागून एक अशा झुंडीने येतात. काही मुलांची बौद्धिक वाढही मागे राहते. पण ही व्याधी जवळजवळ फक्त मुलींनाच होते. ज्या पुरुषात हेच बिघडलेले जनुक असते तो ठणठणीत असतो.

आपण वर्गात शिकवतो त्याच्या हे अगदी उलट आहे. रंगांधळेपणा किंवा हिमोफिलिया शिकवताना आपण सांगतो, की पुरुषाकडे एकच एक्स असल्याने दोष त्याच्यात उघडा पडतो आणि स्त्रीला दुसरा एक्स सांभाळून घेतो. इथे दुसरा एक्स असणेच नडते. ते का?

१९६१ साली मेरी लायन यांनी मांडले, की मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स काम करतो, दुसरा गर्भावस्थेतच मिटून ठेवला जातो. आणि कोणता मिटायचा हे प्रत्येक पेशीपुरते चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरते. तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच का असते याचे उत्तर हेच. काही ठिगळांत काळ्या रंगाचा एक्स चालू असतो, काहींत पिवळसर रंगाचा. मेंदूचेही असेच ठिगळांचे गणित होते. बिघाड असलेल्या मुलीच्या काही चेतापेशींवर पीसीडीएच-१९ चा हात असतो आणि काहींवर नसतो.

हे समजावण्यासाठी मी मैदानावर एक खेळ घेतला होता, तोच इथे देतो. तीसेक मुले घ्या, डोळ्यांवर रुमाल बांधा, कडेने दोन-तीन शिक्षक उभे करा. पहिल्या फेरीत सर्वांना सांगा, की समोरच्याचे मनगट धरायचे. थोड्या वेळात सगळ्यांचा मिळून एक घोळका होतो. दुसऱ्या फेरीत मनगट बंद, सगळ्यांनी करंगळीत करंगळी अडकवायची. पुन्हा एकच घोळका. तिसऱ्या फेरीत अर्ध्या मुलांच्या कानात 'मनगट' सांगा, अर्ध्यांच्या कानात 'करंगळी', आणि पकड जुळली नाही तर पुढे सरका म्हणावे. आरडाओरडा होतो, पण शेवटी घोळके वेगवेगळे पडतात. पहिली फेरी म्हणजे निरोगी मेंदू. दुसरी फेरी म्हणजे बिघडलेले जनुक असलेला पुरुष: एक हात कोणाकडेच नाही, पण उरलेले हात सगळ्यांचे सारखेच आहेत, म्हणून काम निभते. तिसरी फेरी म्हणजे ती मुलगी. दोष हात नसण्यात नाही, मिश्रणात आहे.

२०१८ साली उंदरांवर हे प्रत्यक्ष दाखवले गेले. मिश्र मेंदूच्या बाह्यकात दोन प्रकारच्या पेशी वेगवेगळ्या पट्ट्यांत विभागलेल्या दिसल्या. आणि उरलेल्या पेशींतूनही ते जनुक काढून टाकल्यावर, म्हणजे दोष वाढवल्यावर, पट्टे नाहीसे झाले! असेही काही मुलगे आढळले आहेत ज्यांच्यात फलनानंतर बदल घडल्याने पेशींचे मिश्रण झाले होते. त्यांनाही फिट येत असत.

आता घरातल्या आरोपांकडे पाहा. वडील आपला एक्स फक्त मुलींना देतात आणि प्रत्येक मुलीला देतात. म्हणजे बिघाड वडिलांत असेल तर ते स्वतः निरोगी, मुलगे निरोगी आणि प्रत्येक मुलीत तो बिघाड. अशा घरात सासूबाई सुनेला बोल लावत असतात आणि जनुक मात्र त्यांच्या धडधाकट मुलाकडून आलेले असते. अनेक मुलींत तर हा बदल कोणाकडूनच येत नाही, नव्यानेच घडतो. वडिलांना दोष द्यावा असे मी म्हणत नाही. आपली जनुके कोणी निवडून घेत नाही. पण विळी आणि ग्रहण यांचा यात कुठेही संबंध येत नाही, हे मात्र ठामपणे सांगता येते.

आपल्या भागाला लागू पडणारी आणखी एक गोष्ट. काही आसंजन जनुकांचे दोष दोन्ही प्रती बिघडल्यावरच दिसतात. सीएनटीएनएपी-२ हे असे एक जनुक. त्याने होणारी अपस्मार-व्याधी २००६ साली अमेरिकेतल्या आमिश समाजात ओळखली गेली, कारण तिथे लग्ने आपापसांतच होतात. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आहेच. सख्ख्या मामे-आते भावंडांत सरासरी एक अष्टमांश जनुके समान वाटेने आलेली असतात, त्यामुळे असे दोन दोष एका मुलात जुळून येण्याची शक्यता वाढते. दहावीच्या वर्गात हे आकडे मांडले तर मुले फार लक्ष देऊन ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

माध्यमिक शिक्षकांनी एक वेगळेही उदाहरण लक्षात ठेवावे. वयात येण्याची आज्ञा देणाऱ्या चेतापेशी गर्भात नाकाच्या भागात जन्मतात आणि घ्राणतंतूंच्या वाटेने मेंदूत शिरतात. ही वाट बांधायला लागणाऱ्या ॲनॉस्मिन या प्रथिनाचे जनुक १९९१ साली सापडले. ते बिघडले तर पेशी वाटेतच राहतात. मुलाला वास येत नाही आणि सोळा-सतरा वर्षांचा झाला तरी आवाज फुटत नाही, मिसरूड येत नाही. याला कालमन विकार म्हणतात. संप्रेरकांच्या उपचाराने असा मुलगा वयात येतो. वर्गात त्याची टिंगल होत राहते आणि उपचाराची वर्षे वाया जातात. त्याला एकट्याला बाजूला घेऊन "तुला वास येतो का रे?" एवढे विचारले, तरी डॉक्टरांना पुष्कळ मदत होते.

त्या बाईंना मी पुढे पत्र लिहिले. शाळा-अंगणवाड्यांतल्या मुलांच्या तपासणीसाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्याच्या पथकाला ही मुलगी दाखवा. फिट ज्या विकारांत येते तेही त्यांच्या यादीत आहेत. मेंदूविकारतज्ज्ञाकडे पाठवले तर जनुकाची तपासणी रक्ताच्या नमुन्यावरून होऊ शकते हे घरी सांगा. आणि वर्गात फिट आली तर तिला कुशीवर वळवा, डोक्याखाली दप्तर किंवा शाल ठेवा, आजूबाजूची बाके सरकवा. हातपाय दाबून धरू नका, तोंडात चमचा घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. घड्याळात वेळ पाहा. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर येण्याआधीच दुसरी आली, तर लगेच दवाखाना. वेळ आणि तारीख एका वहीत लिहून ठेवा. तपासणारे डॉक्टर पहिल्यांदा तीच मागतील.